‘द व्हील ऑफ टाइम’: चौदा भाग सलग वाचून झाल्यावर

रॉबर्ट जॉर्डनची ही फँटसी कादंबऱ्यांची मालिका गेले कित्येक महिने माझ्यासोबत होती. थोडी ई-बुकवर वाचली, थोडी ऑडिओबुकवर ऐकली. मूळ 14 भाग, एक पूर्वकथा, सगळं मिळून 44 लाखांच्या आसपास शब्द. पहिला भाग जानेवारी 1990 मध्ये आला आणि शेवटचा जानेवारी 2013 मध्ये. मधल्या 23 वर्षांत लेखक आजारी पडला, वारला आणि मालिका दुसऱ्याच माणसाने पुरी केली.

हे आधी सांगायचं कारण असं, की या मालिकेबद्दल जी मतं कानावर येतात त्यातली बरीचशी वाट बघणाऱ्या वाचकांची आहेत. दोन-दोन, तीन-तीन वर्षं थांबून, हातात आलेला भाग अधाशासारखा वाचून, पुन्हा थांबलेल्या लोकांची. मला थांबावं लागलं नाही. एक संपला की पुढचा उघडायचा. त्यामुळे त्यांची काही गाऱ्हाणी मला अजिबात पटली नाहीत, आणि काही बाबतींत ही मंडळी फारच सौम्य बोलली असं वाटलं. हा अनुभव त्याबद्दलचाच आहे. कोण मरतं, कोण उलटतं, शेवटी काय होतं यातलं काहीही फोडलेलं नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: या जगात विश्व चालवणारी एक शक्ती आहे आणि तिचे दोन भाग आहेत. एक फक्त स्त्रिया वापरू शकतात, एक फक्त पुरुष. पुरुषांच्या भागाला फार पूर्वी विष भिनलंय, त्यामुळे तो वापरणारा प्रत्येक पुरुष आज ना उद्या वेडा होतो. साहजिकच जादूची सगळी सत्ता स्त्रियांच्या हाती, म्हणजे आएस सेडाय नावाच्या संघटनेच्या हाती आहे. आणि अशा जगात एका आडगावातल्या मेंढपाळाच्या पोराला, रँड अल्थॉरला, कळतं की जगाचा शेवटचा लढा ज्याने लढायचा तो आपणच, आणि वेडं व्हायचं तेही आपणच. काळ इथे सरळ रेषेत जात नाही, युगं फिरून फिरून येतात. युगचक्राची कल्पना आपल्याला नवी नसल्याने, इतर वाचक ज्या गोष्टीवर थबकतात तिथून आपण सहज पुढे जातो.

पहिला भाग ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोलकीनच्या वळणाचा आहे. शांत खेडं, उत्सवाची तयारी, काळे घोडेस्वार, गूढ पाहुणी, पळापळ. पहिली शंभर-सव्वाशे पानं हे सगळं ओळखीचं वाटतं आणि ते मुद्दामच तसं ठेवलेलं आहे. बरेच जण इथेच पुस्तक मिटतात आणि ‘नक्कल आहे’ म्हणून मोकळे होतात. त्यांना दोष देणार नाही. पण हा भाग मालिकेचा नमुना नव्हे. तिसऱ्या भागात तर ज्याच्या नावावर पुस्तक आहे तो रँडच जेमतेम दिसतो. बाकीचे त्याच्या मागावर आहेत आणि आपण त्यांच्यासोबत. नायकाला बाजूला ठेवून अख्खा भाग चालवायची हिंमत लेखकात आहे, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

खरी मालिका सुरू होते ती चौथ्या भागात, ‘द शॅडो रायझिंग’मध्ये. रुइदियन नावाच्या वाळवंटातल्या शहरात रँड काचेच्या खांबांच्या रानातून चालतो आणि प्रत्येक पावलासरशी एका पूर्वजाच्या डोळ्यांतून बघतो. क्रम उलटा आहे: आधी अलीकडचा पूर्वज, मग त्याचा बाप, मग आजा, असं मागे मागे. आयेल नावाच्या लढाऊ जमातीबद्दल आपण तोवर जे जे खरं मानलेलं असतं त्यातलं एकेक गळून पडतं. ही दोन प्रकरणं संपल्यावर मी परत मागे जाऊन शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली, म्हणजे काळाच्या सरळ क्रमाने, आणि ती तशीही तितकीच घट्ट बसतात. फँटसीत इतिहास सांगायचा म्हणजे कोणीतरी म्हाताऱ्याने शेकोटीपाशी बसून ऐकवायचा, असा जो प्रघात आहे त्याच्या हे शंभर योजनं पुढे आहे. मालिकेतलं हे सर्वोत्तम लेखन असं बहुतेक वाचक म्हणतात. माझंही तेच मत, आणि इथे वाट बघणारे विरुद्ध सलग वाचणारे असा काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो पुढे. सातव्या ते दहाव्या भागाला चाहते ‘स्लॉग’, म्हणजे रखडपट्टी, म्हणतात. गोष्ट हलत नाही, पात्रं वाढत जातात, कोणी कुठे पोचत नाही, ही तक्रार. आता हे बघा: मॅट हा रँडचा मित्र आणि सगळ्यांचा लाडका गडी आठव्या भागात नाहीच. सातवा भाग 1996 चा, नववा 2000 चा. म्हणजे त्या वाचकांनी चार वर्षं मॅटशिवाय काढली. आठव्याच्या शेवटी, 1998 मध्ये, एक अपहरण होतं. त्याचा निकाल लागतो अकराव्या भागात, 2005 मध्ये. सात वर्षं एकच बाई तंबूत अडकलेली! संताप होणारच. मला मात्र आठवा भाग चक्क आटोपशीर वाटला, मालिकेतल्या लहान भागांपैकी आहे तो. मॅट नाही हे ध्यानात येईपर्यंत नववा हातात होता. नवव्याचा शेवट तर जबरदस्त आहे. त्यामुळे सातवा, आठवा, नववा यांना सरसकट रटाळ म्हणणं मला मान्य नाही.

दहावा भाग, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’, याला मात्र कोणतीच सबब चालत नाही. नवव्याच्या शेवटी जे प्रचंड काही घडतं, ते घडत असताना बाकीची मंडळी कुठे होती आणि दूरवर त्यांना काय जाणवलं, हे दहाव्यात एकेकाच्या नजरेतून सांगितलं जातं. कल्पना म्हणून वाईट नाही. पण एका माणसाने मान वर करून क्षितिजाकडे बघितलं, मग दुसऱ्याने बघितलं, मग तिसऱ्याने, आणि प्रत्येकाच्या बघण्याआधी तंबूचं, चहाचं, धान्यात झालेल्या किड्यांचं साग्रसंगीत वर्णन. वाट न बघताही हा भाग जड गेला. मी तो ऑडिओवर वेग वाढवून ऐकला आणि तसाच ऐकावा असा सल्ला देईन. सोडून देऊ नका, कारण अकरावा ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’ म्हणजे जॉर्डनला अचानक जाग आल्यासारखा आहे, धडाधड गाठी सुटतात.

आता ज्या बाबतीत जुने वाचक सौम्य बोलले तिकडे वळते. पुनरावृत्ती! रँडच्या गावची वैदू नायनीव्ह रागावली की वेणी ओढते. बायका स्कर्ट सारखे करतात, नाक फेंदारतात, छातीखाली हात बांधून उभ्या राहतात. दोन वर्षांनी भेटणाऱ्या वाचकाला ही पात्रांची ओळखखूण वाटली असेल, गमतीदारही वाटली असेल. सलग वाचताना ती वेणी तुमच्याच डोक्याला बांधली आहे असं वाटू लागतं. तीच गत पुन्हा पुन्हा करून दिलेल्या परिचयाची. प्रत्येक भागात आएस सेडाय म्हणजे काय, त्यांचे चेहरे वयातीत कसे दिसतात, हे नव्याने सांगितलं जातं. मागचा भाग कालच संपवलेल्या माणसाला हे परिच्छेद डोळ्यांनी ओलांडायची सवय लावून घ्यावी लागते. आणि कपडे. झालरी, नक्षी, गळ्याची कापणी, कुठल्या देशात कुठली बटणं. पाचव्या भागानंतर मी झालरी वाचणं बंद केलं, काही बिघडलं नाही.

स्त्री-पुरुषांच्या चित्रणावरून वाचकांत उभे दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, 1990 च्या फँटसीत इतक्या संख्येने सत्ताधारी, भांडखोर, चुका करणाऱ्या, राजकारण खेळणाऱ्या बायका दुसऱ्या कुणी लिहिल्या नव्हत्या. दुसऱ्याचं म्हणणं, सगळ्या एकाच साच्यातून काढलेल्या आहेत: फणकारा, हुकूम, आणि ‘पुरुषांना काही कळत नाही’ हे पालुपद. माझ्या मते दोन्ही खरं आहे, आणि वेगवेगळ्या भागांत कमीजास्त प्रमाणात खरं आहे. नायनीव्ह सुरुवातीला असह्य होते. शेवटी शेवटी ती माझी सर्वांत आवडती झाली, आणि तिच्याबाबत हा प्रवास अनेकांचा झालेला दिसतो. रँडच्याच गावातल्या एग्वेनबद्दल बाराव्या भागात जे आहे ते सत्तेविषयीचं उत्तम लेखन आहे, ती आवडो न आवडो. पण तीन स्त्रियांनी रँडभोवती जमणं आणि त्याची ती सोयीची मांडणी, हे काही मला शेवटपर्यंत गिळता आलं नाही.

एकमेकांपासून गोष्टी लपवणं हा आणखी एक वादाचा मुद्दा. ‘दोघं पाच मिनिटं बोलले असते तर तीन भाग कमी लागले असते’, असं वैतागून म्हणणारे पुष्कळ. जॉर्डनने हे जाणूनबुजून केलंय यात मला शंका नाही: अर्धवट माहितीवर माणसं किती ठाम निर्णय घेतात हाच त्याचा विषय आहे. त्याचं सर्वांत सुंदर रूप म्हणजे आएस सेडाय. त्यांनी खोटं न बोलण्याची शपथ घेतलेली असते आणि ती मोडणं त्यांना शक्यच नसतं. म्हणून त्या शब्द असे बेतून वापरतात की वाक्य खरं आणि समज चुकीचा. त्यांच्यातल्या मोरेनचं एखादं साधं उत्तर शंभर पानांनी आठवतं आणि लक्षात येतं की हिने प्रश्नाला बगल दिली होती. सलग वाचणाऱ्याला याचा फार मोठा फायदा होतो, कारण तिचे नेमके शब्द अजून डोक्यात ताजे असतात.

जॉर्डन व्हिएतनाममध्ये लढलेला सैनिक होता, नंतर त्याने भौतिकशास्त्र शिकून अमेरिकी नौदलासाठी अणुअभियंता म्हणून काम केलं. जादूचे पाच घटक, त्यांची विणकाम केल्यासारखी जोडणी आणि नियमांची शिस्त यात अभियंता दिसतो. सैनिक दिसतो तो रँडमध्ये. आपल्यामुळे मेलेल्या स्त्रियांची नावं रँड मनातल्या मनात क्रमाने घोकत राहतो, यादी लांबत जाते, आणि तो दगड होत जातो. सहाव्या भागाच्या शेवटी डुमाईज वेल्सची लढाई आहे. विजय मिळालाय आणि तरी पान उलटताना घशात काहीतरी अडकतं. लढाईची नशा आणि किळस एकाच परिच्छेदात मांडणारे लेखक थोडे.

शेवटच्या तीन भागांबद्दलची मतं सर्वांत तीव्र. जॉर्डन सप्टेंबर 2007 मध्ये हृदयाच्या अमायलॉइडोसिस या दुर्मिळ आजाराने गेला. मागे टिपणं ठेवली, काही मजकूर लिहून ठेवला, शेवटचा प्रसंग स्वतः लिहून ठेवला. त्याची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसन या फँटसी लेखकाची निवड केली. एकच भाग ठरला होता, झाले तीन. सलग वाचताना लेखक बदललाय हे पहिल्या पन्नास पानांत कळतं: वाक्यं आखूड, प्रसंग झटपट, झालरी गायब. मला तर हायसं वाटलं. पण मॅट! बाराव्या भागात त्याचा विनोद ओढूनताणून आणलेला आहे, जणू त्याची नक्कल करणारा कोणी बहुरूपी. पुढच्या भागांत तो सावरतो. चौदाव्यात शेवटच्या लढाईचं एक प्रकरण जवळजवळ 200 पानांचं आहे आणि त्यात मला डाव-प्रतिडाव समजायला त्रास झाला, पण खाली ठेवता आलं नाही. सँडरसनने मालिका बिघडवली म्हणणाऱ्यांनी दहावा भाग पुन्हा एकदा वाचावा, इतकंच म्हणेन.

ऑडिओबद्दल. जुनं वाचन मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या जोडप्याचं: पुरुषाच्या नजरेतलं प्रकरण तो वाचतो, स्त्रीच्या नजरेतलं ती. ही योजना मालिकेच्या विषयाला फार शोभते. काही नावांचे उच्चार मात्र भागागणिक बदलतात. अभिनेत्री रोझमंड पाइकनेही सुरुवातीचे भाग वाचले आहेत. तिचे आवाज जास्त नाट्यपूर्ण आहेत, पण मला जोडप्याची सवय झाली होती. नवीन वाचकाने पहिले दोन भाग तरी डोळ्यांनीच वाचावेत. नावं हजारांनी आहेत आणि कानाने ती एकमेकांत मिसळतात. प्रत्येक भागाच्या शेवटी शब्दसूची आहे, ती वापरा. नाव इंटरनेटवर शोधायला गेलात तर पहिल्याच ओळीत त्या पात्राचं मरण वाचाल.

ॲमेझॉनची दृश्यमालिका नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झाली आणि तिसऱ्या सीझननंतर 2025 मध्ये बंद पडली. तिसऱ्यात रुइदियन चांगलं जमलंय. त्यापलीकडे, पुस्तकांऐवजी ती बघून चालेल असं नाही.

‘न्यू स्प्रिंग’ ही पूर्वकथा आधी वाचू नका, मोरेनचं गूढ वाया जातं. ती 2004 मध्ये, दहाव्या आणि अकराव्याच्या मधे आली आणि तिथेच वाचली की दहाव्याचा शीणही उतरतो. आणि चौथा भाग संपूनही पकड बसली नसेल तर खुशाल सोडा, कारण पुढे लेखक तुमच्यासाठी बदलणार नाही. बदलतो तो थेट बाराव्या भागात, आणि तेही मेल्यावर.