क्लोरीन फुल्ल, तरी पूल हिरवा : स्टॅबिलायझरच्या नावाखाली चालणारी लूट

एप्रिल-मेमध्ये बंगल्याच्या स्विमिंग पूलचं पाणी हिरवट होतं. देखभालवाला काचेच्या नळीत थोडं पाणी घेतो, थेंब टाकून पिवळाधमक रंग दाखवतो आणि म्हणतो, "क्लोरीन तर फुल्ल आहे साहेब, शेवाळच चिवट आहे." मग शेवाळनाशक, पाणी नितळ करायचं औषध, शॉक पावडर (एकदम मोठ्या मात्रेत टाकायची क्लोरीन पावडर) असं सगळं बिलात चढतं. पंधरवड्यात पाणी पुन्हा हिरवं.

नळीतला रंग खोटा नसतो, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक आम्ल. उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातं, ते हे आम्ल धरून ठेवतं. ३० ते ५० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) पुरतं. त्याहून खूप वाढलं की क्लोरीन इतकं बांधलं जातं की शेवाळ मारायला पुरेसं मोकळं उरत नाही. चाचणीत मात्र हे बांधलेलं क्लोरीनही मोजलं जातं.

आता हे आम्ल येतं कुठून? रोज फ्लोटरमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डबीत, पडणाऱ्या टॅब्लेटमधूनच. डब्यावर टीसीसीए ९० किंवा ट्रायक्लोर असं लिहिलेलं असतं. ५०,००० लिटरच्या पूलमध्ये २०० ग्रॅमची एक टॅब्लेट सुमारे ३.६ पीपीएम क्लोरीन देते आणि त्यासोबत २.२ पीपीएम सायन्युरिक आम्ल. रोज एक टाकली तर दोन महिन्यांत १३० पीपीएम. क्लोरीन खर्च होतं, हे आम्ल साचत जातं. ऊन-वारा त्याला उडवत नाही. पावसाळ्यात पूल ओसंडून वाहतो तेव्हा ते आपोआप पातळ होतं, म्हणून बिंग फुटतं ते उन्हाळ्यात. वर शॉक पावडर म्हणून बहुधा एसडीआयसी हे क्लोरीनचंच दुसरं संयुग विकतात. त्यातही हेच आम्ल! काही जण तर अशा पूलला 'स्टॅबिलायझर कमी आहे' म्हणत आणखी पाच किलो गळ्यात मारतात. पाच किलो म्हणजे याच पूलमध्ये थेट १०० पीपीएमची भर.

सायन्युरिक आम्लाचं किट स्वतः आणा. पाण्यात औषध मिसळलं की ते दुधाळ होतं. ते नळीत हळूहळू ओतायचं. नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की त्या पातळीवरचा आकडा वाचायचा. बऱ्याच नळ्या १०० च्या पुढे मोजत नाहीत आणि तिथेच देखभालवाले 'शंभर आहे, चालतंय' म्हणून सांगतात. अशा वेळी पूलचं पाणी आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं घ्या, येईल त्या आकड्याची दुप्पट करा.

आकडा १२० निघाला तर सरळ उपाय म्हणजे पाणी बदलणं. ४० वर आणायला दोन तृतीयांश पाणी काढावं लागतं, म्हणजे ५०,००० लिटरच्या पूलला १०,००० लिटरचे तीन-चार टँकर. एकदम उपसू नका, विशेषतः जमिनीत पाणी वर आलेलं असताना. रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलली जाते, फरश्या सुटतात. अर्धं काढून भरायचं, पुन्हा अर्धं काढायचं. पाणी दीडपट लागतं, पण आकडा ३० वर येतो आणि टाकी वाचते. त्यानंतर ताजं १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट वापरा. एका लिटरने या पूलमध्ये २ पीपीएम क्लोरीन वाढतं, स्टॅबिलायझर अजिबात नाही. कॅन सावलीत ठेवा आणि फार दिवसांचा साठा घेऊ नका, उकाड्यात त्याचा जोर झपाट्याने उतरतो. जुना कॅन पूर्ण भावात विकणं हा याच धंद्यातला दुसरा प्रकार.

उरलेल्या टॅब्लेट मात्र कॅल्शियम हायपोक्लोराइट या दुसऱ्या क्लोरीन पावडरच्या डब्यात, बादलीत किंवा फीडरमध्ये कधीही टाकू नका. दोन्ही एकत्र आले की पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो.