अल्टरनेटर ठणठणीत असताना माझ्याकडून 20,500 उकळले

माझा पिकअप जुना आहे, त्यामुळे बॅटरी वारंवार उतरते म्हटल्यावर गॅरेजमध्ये काय सांगितले जाते याची वाचकांना कल्पना असेलच. आधी बॅटरीचे 7,200, आठवड्याभराने ‘नव्या’ अल्टरनेटरचे (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) 11,500 आणि मजुरीचे 1,800, असे एकूण 20,500 मी मोजले, आणि नवव्या दिवशी गाडी पुन्हा सुरू होईना.

जिथे मला कळायला हवे होते, तो क्षण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. इंजिन चालू होते, दिवे लावलेले होते. गॅरेजवाल्याने मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारा मीटर) अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर टेकवला तेव्हा 14.3 व्होल्ट दिसले आणि बॅटरीवर टेकवला तेव्हा 12.4. अल्टरनेटर 14.3 देत असेल, तर तो बिघडलेला कसा? मधल्या वाटेतच 1.9 व्होल्ट जिरत होते, आणि चांगल्या वायरीत ही घट 0.2 च्या आसपासच असते. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवाही इंजिन सुरू होताच विझत होता. तरीही मी मान डोलावली, कारण दुसऱ्या दिवशी माल पोहोचवायचा होता आणि मीटर हातात धरलेला माणूस समोरचा आकडा उलटा वाचून दाखवेल, असा संशय मला शिवलाही नाही.

काढलेला भाग तिथल्या तिथे मागून घ्या. मी घेतला नाही. पुढे दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने त्या जाड वायरीचा हिरवा पडलेला लग (टोकाची धातूची कडी) बदलला, अर्थिंगची पट्टी घासली आणि 20 मिनिटांत बॅटरीवर 14.1 व्होल्ट आले. मग त्याने अल्टरनेटरच्या कानावरचा (तो इंजिनला बोल्टने बसवतात त्या भागावरचा) ताजा रंग खरवडला, तर खाली मीच पूर्वी करून घेतलेले वेल्डिंग निघाले. माझाच अल्टरनेटर रंगवून मला विकला होता!

पोलिसांनी हा पैशांचा वाद ठरवून ग्राहक तक्रारीकडे पाठवले. तिथे बिलावर केवळ ‘वायरिंग काम’ लिहिले असल्याने अल्टरनेटर विकल्याचाच पुरावा नाही असे सांगितले, वेल्डिंगचे फोटो दाखवले तर तज्ज्ञाचा दाखला आणा म्हणाले, आणि तो कोणाकडून आणायचा हे विचारल्यावर ते आमचे काम नव्हे, असे उत्तर मिळाले. चार फेऱ्या झाल्या, पण अर्जावर साधा पोचशिक्काही मिळाला नाही. बिलावर भागाचे नाव आणि क्रमांक लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

बदल्यात देऊन टाकलेली माझी जुनी बॅटरीदेखील बहुधा चांगलीच होती. ती पूर्ण चार्ज करून लोडवर, म्हणजे भार टाकून, तपासा, एवढे एक वाक्य मी त्या दिवशी उच्चारले नाही.