सीएच३४१ए प्रोग्रॅमर: काम चोख, क्लिप नाठाळ

बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, त्याचं अपडेट मध्येच थांबलं आणि मदरबोर्ड मेला, की लोक आधी बॅटरी काढतात, जंपर (दोन पिना जोडणारी टोपी) लावून सीमॉस (सेटिंग्जची छोटी मेमरी) साफ करतात आणि मग पॉवरचं बटण दाबत बसतात. सीमॉस साफ केल्याने सेटिंग्ज जातात. पण बायोस ज्या फ्लॅश चिपमध्ये असतं, तिच्यातलं अर्धवट लिहिलेलं फर्मवेअर, म्हणजे तेच बायोस, जिथल्या तिथे राहतं. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, बीपसुद्धा नाही, अशा बोर्डाची चिप बाहेरून लिहावी लागते. मित्रांची आणि नातेवाइकांची बिघडलेली मशिन्स माझ्याकडेच येत असल्याने सीएच३४१ए हा छोटा यूएसबी प्रोग्रॅमर, म्हणजे चिप बाहेरून वाचायचं आणि लिहायचं यंत्र, मी बराच वापरला आहे.

संचात काळा बोर्ड, आठ पायांच्या चिपवर बसणारी क्लिप आणि तिची रिबन केबल, १.८ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि चिप सोल्डर करून सॉकेटात बसवण्यासाठी दोन-चार पट्ट्या येतात. माहितीपत्रक येत नाही. आलं असतं तरी त्यात खरी गोष्ट सांगितली असती असं वाटत नाही.

खरी गोष्ट व्होल्टेजची. या काळ्या बोर्डावर फ्लॅश चिपला वीज ३.३ व्होल्टचीच मिळते, पण प्रोग्रॅमरची मुख्य चिप यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालत असल्याने डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट येतात. बहुतेक फ्लॅश चिपा हे निमूट सोसतात, म्हणून तक्रारी कमी. पण क्लिप लावून चिप जागेवरच लिहिताना त्याच तारांवर मदरबोर्डचा चिपसेट, म्हणजे त्याची मुख्य नियंत्रक चिपही असते आणि त्याने ते का सोसावं? सोल्डरिंग जमत असेल तर मुख्य चिपला ३.३ व्होल्टवर चालवायची दुरुस्ती करता येते. जमत नसेल तर व्होल्टेज निवडायचा स्विच असलेला बोर्ड घ्या. घेतल्यावरही मल्टिमीटर लावून बघा, बोर्डाच्या रंगावर भरवसा ठेवू नका.

१.८ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर फालतू समजून ड्रॉवरमध्ये टाकू नका. विनबॉन्ड कंपनीची डब्ल्यू२५क्यू६४एफव्ही ही चिप ३.३ व्होल्टवर चालते आणि डब्ल्यू२५क्यू६४एफडब्ल्यू १.८ वर. फरक शेवटच्या अक्षराचा. लॅपटॉपमध्ये १.८ वाल्याही भेटतात, तेव्हा भिंग घेऊन चिपवरचं पूर्ण नाव वाचा.

क्लिपचे गुण मात्र मी सरळ कापतो. तिचे दात बोथट, स्प्रिंग हट्टी. जरा केबल हलली की ती म्हातारीच्या कवळीसारखी निसटते. लाल तार चिपवरच्या टिंबाकडे, म्हणजे पहिल्या पायावर आली पाहिजे. चिपचा आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, वाचताना नुसते एफएफ एफएफ दिसले तर दहापैकी नऊ वेळा दोष क्लिपचा असतो. त्याआधी बोर्डाचा पॉवर सप्लाय, लॅपटॉपची बॅटरी आणि सीमॉसची बॅटरी काढलेली हवी. एवढं करूनही वाचन जमेना, तर प्रोग्रॅमरची वीज बाकीचा बोर्ड खातोय असं समजा आणि चिप काढून पट्टीवर सोल्डर करा.

सॉफ्टवेअर म्हणून मी लिनक्सवर फ्लॅशरॉम वापरतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजवर आसप्रोग्रॅमर चालतो. लिहायची घाई करू नका. आधी चिप वाचून फाइल ठेवा, पुन्हा वाचा आणि दोन्ही फाइलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून बघा. जुळले नाहीत तर क्लिप पुन्हा बसवा. बोर्ड मेलेला असला तरी ही फाइल सोन्यासारखी, कारण नेटवर्कचा मॅक पत्ता, मशिनचा सीरियल नंबर आणि लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजची की बहुधा याच चिपमध्ये असते. नेटवरून कुणाची तरी फाइल उतरवून सरसकट लिहिली की मशिन सुरू होतं, पण दुसऱ्याच्या ओळखीने.

कंपनीच्या साइटवरची फाइलही दरवेळी जशीच्या तशी चालत नाही. १६ एमबीच्या चिपमध्ये १,६७,७७,२१६ बाइट मावतात. आसूसच्या बोर्डांची बायोसची कॅप फाइल बहुधा त्याहून २०४८ बाइट मोठी असते, कारण सुरुवातीला हेडर, म्हणजे फाइलची माहिती देणारा तुकडा, असतो. फ्लॅशरॉम अशी फाइल नाकारतो, आणि बरोबरच करतो. यूईएफआयटूल या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आतला भाग वेगळा काढावा लागतो. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, चालू असलेल्या मशिनवर लिहून झाल्यावर रिकव्हरी की विचारली जाऊ शकते, ती आधीच मालकाकडून मागून घ्या.

डेस्कटॉपवाल्यांनी मात्र हा संच मागवण्याआधी बोर्डाची मागची बाजू बघावी. आसूसचं बायोस फ्लॅशबॅक, एमएसआयचं फ्लॅश बायोस बटण, गिगाबाइटचं क्यू-फ्लॅश प्लस यांपैकी काही असेल तर फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ठरलेल्या नावाने फाइल ठेवून बटण दाबलं की काम होतं, प्रोसेसर नसला तरी.

माझे गुण पाचपैकी साडेतीन. दीड गुण क्लिप आणि ५ व्होल्टने खाल्ला. वारंवार काम असेल तर पोमोना ५२५० ही वेगळी क्लिप घ्या. ती प्रोग्रॅमरपेक्षा महाग पडते, पण घट्ट धरते. पातळ लॅपटॉपमध्ये काही वेळा डब्ल्यूसन प्रकारची चिप असते, तिला बाहेर आलेले पायच नसतात, त्यामुळे तिच्यावर कुठलीच क्लिप बसत नाही. म्हणून आधी झाकण उघडून चिप बघा, ऑर्डर नंतर द्या.