आर्क फ्लॅशचे कपडे: ट्रीटेड कॉटन घ्यावं की अ‍ॅरामिड?

आर्क फ्लॅश म्हणजे विजेच्या पॅनेलमध्ये शॉर्ट झाल्यावर उडणारा प्रचंड उष्णतेचा भडका. त्यापासून वाचवणाऱ्या कपड्यांचं कोटेशन मागवण्याआधी पॅनेलवरचं लेबल वाचा. कपडा व्होल्टेजवरून ठरत नाही. आर्क झाला तर छातीपर्यंत किती उष्णता पोचेल, त्यावरून ठरतो. ती दर चौरस सेंटिमीटरला कॅलरीत मोजतात. १.२ कॅलरीलाच उघड्या कातडीवर फोड येतात. ट्रान्सफॉर्मरच्या लगेच पुढचा ४१५ व्होल्टचा इनकमर (पॅनेलमध्ये वीज आणणारा मुख्य ब्रेकर) ११ केव्हीच्या पॅनेलपेक्षा घातक ठरू शकतो, कारण तिथे फॉल्ट करंट (शॉर्ट झाल्यावर वाहणारा करंट) मोठा असतो आणि मागचं प्रोटेक्शन ट्रिप व्हायला वेळ लावतं. वेळ दुप्पट, की उष्णताही दुप्पट. लेबलच नसेल, तर आधी आर्क फ्लॅश स्टडी, म्हणजे या उष्णतेचा हिशेब, करून घ्या.

रोजच्या वापराला बहुतेक ठिकाणी ८ कॅलरी आर्क रेटिंगचा (कापड किती उष्णता अडवतं त्याचा आकडा) शर्ट-पँट घेतात. त्यात खरी निवड दोन कापडांची.

ट्रीटेड कॉटन म्हणजे रासायनिक प्रक्रिया केलेलं सुती कापड. स्वस्त, घाम शोषणारं, अंगाला सवयीचं. त्याचा घात होतो तो धुण्यात. आमच्या एका वायरमनचा निळा शर्ट सहा महिन्यांत कॉलरपाशी पांढुरका पडला होता. ग्रीसचे डाग जाईनात म्हणून घरच्यांनी तो ब्लीचमध्ये भिजवला होता. त्यांनी मन लावून धुतला होता, चूक आमची. सूचना आतल्या पट्टीवर, बारीक इंग्रजीत होती आणि आम्ही कुणाला काही सांगितलंच नव्हतं. क्लोरीनच्या ब्लीचने ही प्रक्रिया निकामी होते. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर कापडात बसतो, आणि तो थर पेट घेऊ शकतो.

अ‍ॅरामिड हा उष्णता सोसणारा कृत्रिम धागा. त्यात आग न धरण्याचा गुण धाग्यातच असतो, धुऊन जात नाही. कापड हलकं आणि टिकाऊ, पण महाग, आणि घाम फारसा शोषत नाही. शिवाय महाग म्हणून आर्कला भारी असं समजू नका: तेवढ्याच वजनाच्या ट्रीटेड कॉटनपेक्षा त्याचं रेटिंग कमीही असू शकतं. मोडॅक्रिलिक (आग न धरणारा आणखी एक कृत्रिम धागा) मिसळलेली कापडं किमतीला आणि आरामाला या दोघांच्या मधली.

माझं मत स्पष्ट आहे. धुलाई कंपनीच्या ताब्यात असेल तर ट्रीटेड कॉटन. कपडे घरी धुतले जात असतील तर पैसे जास्त गेले तरी अंगचा गुण असलेलंच कापड घ्या.

४० कॅलरीचा हूडवाला सूट प्रत्येकाला नको. इनकमरचा ब्रेकर रॅक-आउट करण्यासारख्या, म्हणजे पॅनेलमधून बाहेर ओढण्यासारख्या, कामांना सबस्टेशनमध्ये दोन ठेवा, मोठ्या मापाचे. लेबलवरचा आकडा ४० च्या वर असेल तर शटडाउन घेऊनच काम करा. आत ८ चा शर्ट घातला म्हणून ४८ होत नाहीत. थरांची अशी बेरीज चालत नाही.

पुरवठादार नुसतं ‘फायर रिटार्डंट’ म्हणत असेल तर आर्क रेटिंग लेखी मागा. पट्टीवर फक्त एपीसी १ किंवा २ (वेगळ्या चाचणीतला संरक्षणाचा वर्ग) असेल, तर त्याचं कॅलरीत सरळ रूपांतर होत नाही. ८ च्या शर्टासोबत आर्क रेटिंगची फेस शील्ड आणि बॅलाक्लाव्हा (डोकं आणि मान झाकणारी टोपी) लागतेच. आत सुती बनियन हवं. पॉलिस्टरचं वितळून कातडीला चिकटतं.

ऑर्डर देण्याआधी दोन्ही कापडांचे नमुने मे महिन्यात दोघा वायरमनना आठवडाभर घालायला द्या. दुपारी तीन वाजता जाऊन बघा, कुणाच्या बाह्या दुमडलेल्या आहेत आणि कुणाचं वरचं बटण उघडं आहे.