प्रोग्रेसिव्ह चष्मा: शिवणकामवाल्यांनी विचार करून घ्यावा

मी ब्लाउज शिवते, वय ४८. सुईत दोरा ओवायला लेकीला हाक मारावी लागायला लागली, म्हणून बाजारपेठेतल्या दुकानात प्रोग्रेसिव्ह काचा, म्हणजे एकाच काचेत वरून लांबचं आणि खालून जवळचं दाखवणाऱ्या, करून घेतल्या. नंबर काढणारा मुलगा समजावून सांगणारा निघाला. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं, म्हणाला. दहा वर्षांच्या मुलाला ७ सेंमीवरचंही स्पष्ट दिसतं, साठीत चष्म्याशिवाय तेच साधारण मीटरभर लांब धरावं लागतं. माझ्या टेपवर ३९ इंच! एवढा हात आहे कुणाचा?

गिऱ्हाइकाशी बोलणं, मापाची वही, आरशासमोरची ट्रायल, सगळं एकाच चष्म्यात होतं. इथे पैसे वसूल. पण जवळचं दिसतं ते काचेच्या खालच्या पट्ट्यातून. त्यामुळे मशीनवर हनुवटी वर करून बसावं लागतं, संध्याकाळी मान धरते. कडेला नजर नेली की धूसर. जिना उतरताना तर मान खालीच घालावी लागते, नाहीतर पायरी चुकते.

हूक-काजांसाठी साधी चाळिशी वेगळी घेतलीच. तीन स्टार. आणि भारी फ्रेमच्या नादाला लागू नका, साठीपर्यंत नंबर बदलत राहतो.