तिसऱ्या पिढीची प्रियस: बॅटरीआधी ईजीआर तपासा

जुनी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी) घेताना जो तो आधी बॅटरीचं विचारतो. २००९ ते २०१५ या काळातल्या टोयोटा प्रियसला मात्र आधी इंजिनाचं विचारावं.

तसं या गाडीत बिघडायला फार काही ठेवलेलंच नाही. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, पट्टा नाही. पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर दोन्ही विजेवर चालतात. वेग कमी करण्याचं बरंच काम मोटर करते, त्यामुळे ब्रेक पॅड लाख किलोमीटरही सहज जातात.

घोडं पेंड खातं ते ईजीआरमध्ये, म्हणजे इंजिनाचा धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेत. १.८ लिटरच्या इंजिनात एक्झॉस्टचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडतात. तो थंड करणाऱ्या कूलरच्या बारीक जाळीत काजळी साचते, मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागातल्या) चार लहान वाटाही बुजू लागतात. ज्या सिलिंडरची वाट बुजली तो जास्त तापतो, आणि पुढे हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या हेडखालच्या सीलवर, येतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी इंजिन लागताच थडथडते आणि थोड्या वेळात शहाण्यासारखी चालू लागते. कारण रात्री त्या सीलमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) सिलिंडरमध्ये झिरपलेलं असतं. अशा वेळी बरेच मेकॅनिक प्लग आणि कॉइल बदलतात. टाकीतल्या गुलाबी कूलंटची पातळी उतरत असेल तर तो खर्च वाया. कूलिंगची प्रेशर टेस्ट करा, प्लग काढून बोरोस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) आत बघा.

हे टाळायचं तर दर लाखभर किलोमीटरला कूलर, व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड उतरवून धुवावेत. नुसता व्हॉल्व्ह साफ करून पैसे घेणाऱ्याने अर्धंच काम केलंय. कूलर इंजिनाच्या मागे, अडचणीत आहे, म्हणून तो टाळतात. जोडताना गॅस्केट नवे घ्या आणि कूलंटमधली हवा नीट काढा.

गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, ती थडथड थंड इंजिनातच कळते.

आता बॅटरी. २८ निकेल मॉड्यूल (सेलचे संच), मिळून २०१.६ व्होल्ट. तिचा खरा शत्रू उष्णता. मागच्या सीटच्या कडेला हवा ओढणारी जाळी असते. तिच्यावर पिशव्या ठेवू नका. घरात कुत्रा असेल तर पंखा केसांनी भरतो, तो उघडून साफ करावा लागतो. पी०ए८० कोड (मोठी बॅटरी थकल्याचा इशारा) आला की काही जण एकच मॉड्यूल बदलून देतात. उरलेली २७ तितकीच म्हातारी असतात, काही महिन्यांत पुढचं जातं.

डिकीतली १२ व्होल्टची छोटी बॅटरी मात्र विसरली जाते. ती इंजिन फिरवत नाही, फक्त कॉम्प्युटर जागे करते. कमजोर झाली की भलतेसलते इशारे एकदम पेटतात. मोठी बॅटरी बदलायला निघण्याआधी हिचा व्होल्टेज मोजा. गाडी बंद असताना १२ च्या खाली असेल तर आधी हीच बदला. दुसऱ्या बॅटरीवरून जंप देताना प्लस-मायनस उलटं झालं तर इन्व्हर्टरपर्यंत (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणाऱ्या भागापर्यंत) नुकसान पोहोचू शकतं.

इन्व्हर्टरवरून आठवलं: त्याच्या सॉफ्टवेअरसाठी २०१४ साली जगभरातल्या सुमारे १९ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. चेसिस नंबर देऊन ते काम झालंय का ते विचारा. इंजिन ऑइल ०डब्ल्यू-२० ग्रेडचं, फिल्टरसह ४.२ लिटर, काही गाड्या ते पितात, तेव्हा दर हजार किलोमीटरला डिपस्टिक बघा. शेवटी गाडी चालू ठेवून, ब्रेकला पाय न लावता शांत उभे राहा. पंपाचा घूंघूं आवाज दर काही सेकंदांनी येत असेल तर ब्रेक ॲक्च्युएटर (ब्रेकला दाब पुरवणारा भाग) आतून गळतोय, आणि तो भाग महाग आहे.