फिरती गाडी की गावातलं दुकान?

लहान, आडबाजूच्या गावांत ताजी भाजी-फळं पोचवायची तर शेवटी दोन पर्याय उरतात: ठरलेल्या वारी येणारी फिरती गाडी, नाहीतर गावकऱ्यांनी मिळून चालवलेलं दुकान. दोन्हींत हात घालून झालाय, म्हणून लिहितो.

दुकानाची बाजू तशी भक्कम. रोज उघडं असतं, म्हाताऱ्या माणसांना गाडीची वेळ सांभाळावी लागत नाही, ओळखीवर उधारी चालते. उलट गाडी बिघडली की त्या दिवशी सगळ्याच गावांची भाजी बुडते. पावसात रस्ता खचला तर विचारूच नका.

मला दुकानात नडलं ते क्रेट. घाऊक व्यापारी अर्धं क्रेट देत नाही. टोमॅटो मोजक्या घरांना हवेत, घ्यावं लागतं अख्खं क्रेट. वरचे चांगले पहिल्याच दिवशी जातात. उरलेले टोमॅटो लोक अंगठ्याने दाबून बघतात आणि परत ठेवतात. तो दाबलेला टोमॅटो मग आणखी लवकर नासतो. फ्रिज घ्यावा, तर पालेभाजीला शून्य अंशाच्या जवळपासचा गारवा आणि भरपूर ओलावा लागतो, टोमॅटोची चव मात्र १० अंशांच्या खाली बिघडते. दोघांचं एका फ्रिजमध्ये जमत नाही. पिकती केळी शेजारी ठेवली तर त्यांच्यातल्या इथिलीन वायूने पाला पिवळा पडतो, ते वेगळंच. अशा दोन-चार फेऱ्या झाल्या की दुकान चालवणारा शहाणा होतो आणि नासणारं आणणंच सोडतो. राहतात कांदे, बटाटे आणि बिस्किटांचे पुडे.

गाडीत तेच क्रेट चार-पाच गावांत वाटलं जातं आणि बहुतेकदा त्याच दिवशी रिकामं होतं. पाल्यावर ओलं गोणपाट टाकलं की तेवढ्यापुरतं भागतं. हवा दमट असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. वेळ मात्र संध्याकाळची हवी. भर दुपारी गाडी आली तर माणसं कामावर असतात.

मोठ्या गावात क्रेट दोन दिवसांत खपत असेल, तर दुकान चुकीचं म्हणणार नाही. लहान गावात मी गाडीपासूनच सुरुवात करेन. आधीच एखादं किराणा दुकान असेल तर तिथेच थांबा ठेवावा: आदल्या दिवशी मागणीची यादी दुकानदाराने घ्यावी, त्याबद्दल त्याला थोडं कमिशन द्यावं, आणि यादीपेक्षा फार जास्त माल गाडीत भरूच नये.